खोक्यावरचे शब्द



मी शाळेत फार शिकलो नाही. वेतनकराराची कलमे वाचता वाचता शिकलो. ज्याला शब्द कळत नाही त्याची सही घेणे सोपे असते. बाजारातही तेच.

वीसएक वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून युनियनच्या कचेरीसाठी व्हीसीडी प्लेअर आणला. एका कामगाराच्या मुलाने अमेरिकेहून डीव्हीडी पाठवली, ती लागेना. दुकानदार म्हणाला, "तबकडी खराब आहे." ते खोटे होते. सीडी काय, डीव्हीडी काय, दोन्ही १२ सेंटिमीटरच्याच, फरक आत. सीडीचे खळगे ७८० नॅनोमीटरचा लेसर वाचतो. डीव्हीडीचे अधिक बारीक, त्यांना ६५०चा लागतो. म्हणून सीडीत सुमारे ७०० एमबी मावते, तर डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी.

पुढे डीव्हीडी प्लेअर घेतला, तरी ती लागेना! तेव्हा 'रीजन कोड' कळला: अमेरिकेचा १, भारताचा ५. एकच चित्रपट देशोदेशी निराळ्या वेळी, निराळ्या दराने विकता यावा म्हणून घातलेले हे कुलूप. यंत्राची अडचण नव्हे, व्यापाराची सोय!

आज तबकड्या मागे पडल्या. नवे शब्द येतच आहेत. मंडळी, पैसे मोजण्यापूर्वी अर्थ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सही करण्यात आहे.