गाडी थांबते तिथं वीज



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘विजेच्या गाड्या आणि आपला तालुका’ असा छापला आहे. गाड्यांबद्दल मी फार बोलणार नाही. कुठली घ्यावी, कितीला घ्यावी हे सांगायला शोरूमवाले बसलेले आहेत. माझा प्रश्न निराळा आहे. पेण आणि रोह्यात गाडी उभी कुठं राहते, आणि तिथं वीज आहे का?

थोडा इतिहास पाहू. भिऱ्याचं जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झालं. त्यासाठी बांधलेल्या मुळशी धरणापायी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, आणि वीज गेली मुंबईला. आपल्या वाट्याला आलं ते टर्बाइनमधून सुटलेलं पाणी. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते आणि कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्यामुळं. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे, पाणी नवी मुंबईला जातं. आणि पेणच्याच वाशी, शिर्की, वढावच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. त्याची धूळ आणि खड्डे मात्र आपल्याला पुरेपूर मिळाले, त्यात कुणी वाटेकरी नव्हता!

चार्जिंगचं असंच होईल अशी मला भीती वाटते. कारण सरकारी कागदावर चार्जिंगचा विचार होतो तो मुख्यतः जाणाऱ्या-येणाऱ्याचा. केंद्राच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरासाठी तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक स्टेशन आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक, असं गणित होतं. राज्याच्या २०२१ च्या धोरणानं चार रस्ते निवडले, त्यांत मुंबई-गोवा नव्हता. २०२५ च्या धोरणात मात्र सगळ्याच राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला सोय करायचं ठरलं. उत्तम झालं. पळस्प्यापासून मोजत निघालात तर पेण, नागोठणं, कोलाड हे टप्पे साधारण त्याच हिशेबात बसतात. पण रोहा हायवेवर नाही. कोलाडहून दहा-बारा किलोमीटर आत वळल्याशिवाय रोहा लागत नाही. म्हणजे हे धोरण शंभर टक्के अमलात आलं तरी रोह्याला एक प्लग मिळेलच असं नाही.

आणि पेणला मिळेल तो कुणासाठी? हायवेवरचं यंत्र जलद असतं. मुंबईची मोटार थांबणार, माणसं मिसळ खाणार, तासाभरात बॅटरी ऐंशी टक्क्यांवर जाणार, मोटार पुढं चिपळूणला. त्यासाठी ६० किलोवॅटचं यंत्र लागतं. आपल्या वाडीतला ६३ केव्हीएचा डीपी आठवा. एवढं एक यंत्र चालू झालं की तो डीपी संपला. वाडीतल्या पंख्यांना, पिठाच्या गिरणीला काही उरायचं नाही. म्हणून अशा यंत्राला स्वतंत्र रोहित्र, म्हणजेच मोठं भांडवल. ते कंपन्या घालतील, घालू द्या. त्यात नगरपरिषदेनं पडायचं कारण नाही.

आपली गरज त्यापेक्षा स्वस्त आहे, आणि गंमत म्हणजे म्हणूनच तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही. आपल्याकडं विजेवर आधी येणार त्या स्कूटर, रिक्षा, छोटे टेम्पो आणि उद्या कदाचित मिनीडोर. स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटची. घरातल्या मिक्सरच्या शेजारी असतो तसला पंधरा अँपिअरचा प्लग तिला पुरतो, फक्त चार-पाच तास द्यावे लागतात. ज्याच्या घराला अंगण आहे त्याचा प्रश्न मिटलेला आहे. त्याला व्याख्यानाची जरुरी नाही. अडलाय तो तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, जो खिडकीतून वायर खाली सोडतो आणि पाऊस आला की धावतो. अडलाय रिक्षावाला, ज्याची रिक्षा रात्री रस्त्याकडेलाच झोपते.

आता गाड्या मोजा. पेण आणि रोहा स्टेशनबाहेर सकाळी दुचाकी लावून माणसं पनवेल, दिव्याकडं जातात, ती संध्याकाळी परततात. गाडी आठ-दहा तास उभी. बाजारपेठेत दुकानदाराची स्कूटर दिवसभर उभी. धाटावच्या एमआयडीसीत पाळी संपेपर्यंत शेकड्यांनी मोटारसायकली उभ्या. एवढा वेळ हाताशी असताना जलद यंत्र हवंय कशाला?

धाटावचं उदाहरण मला सगळ्यांत सोपं वाटतं, म्हणून थोडं थांबतो. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय सूचनांत सार्वजनिक चार्जिंगची वीज सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत स्वस्त ठेवावी असं सुचवलंय: सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट. इतर वेळी १.३ पट. म्हणजे रात्री जवळजवळ दुप्पट. सकाळची पाळी नेमकी या स्वस्त तासांत कामावर असते. कामगार आत, गाडी बाहेर, ऊन डोक्यावर. पार्किंगच्या छपरावर सौर पट्ट्या घातल्या तर सावलीही झाली. एक पथ्य मात्र पाळायला हवं. धाटावला रसायनांचे कारखाने आहेत, ज्वालाग्राही द्रावकं आहेत. प्लग कारखान्याच्या आत नको. गेटबाहेर, एमआयडीसीच्या मोकळ्या जागेत, चार-पाच कारखान्यांनी मिळून केलेला हवा.

हमरापूर, जोहे, कळवे या गणेशमूर्ती घडवणाऱ्या गावांतली गोष्ट उलटी आहे. तिथं गाडी उभी राहत नाही, हंगामात तर मुळीच नाही. आषाढ-श्रावणात मूर्तींचे टेम्पो रात्रंदिवस मुंबईच्या वाटेवर असतात. पाऊस धो धो, वीज जाणं नेहमीचं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडात कुणी विसरलेलं नाही. खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. मूर्तिकाराला मी आजच विजेचा टेम्पो घे असं सांगणार नाही. आधी कारखान्यापासून स्टेशनपर्यंतच्या, पेण बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्या विजेवर येऊ देत. भरल्या टेम्पोनं मुंबई गाठणं पुढचं पुढं. प्लग बसवताना मात्र भोगावतीचं आणि कुंडलिकेचं पाणी कुठवर चढतं ते जुन्या माणसांना विचारा आणि त्याच्या वर बसवा.

उरली एसटी. तिचं रायगडचं विभागीय कार्यालय पेणला, रामवाडीत आहे. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली. चौऱ्याहत्तर वर्षांनी त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. ई-बससाठी आगारात उच्चदाब वीज आणावीच लागते. ती ज्या आगारात येईल तिथं कुंपणाबाहेर रिक्षांसाठी दहा साधे प्लग काढून देणं हा त्या कामाचा किरकोळ भाग ठरेल, फक्त मूळ आराखड्यात ते आधी लिहिलेलं हवं.

पैसे कोण घालणार, हा प्रश्न येणारच. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असं केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं. परवाना लागत नाही. म्हणजे रिक्षा संघटना, बचत गट, पतपेढी, कुणीही हे चालवू शकतं. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत आणि त्यातली बहुतांश ठिकाणं दुचाकी-तीनचाकींसाठीच धरलेली आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे नवी वीजजोडणी नगरपालिका हद्दीत सात दिवसांत, ग्रामीण भागात पंधरा दिवसांत मिळायला हवी. (तुम्ही हसलात. पण नियम तोच आहे, अर्जावर तारखेचा शिक्का घ्या.) नगरपरिषदेनं यंत्रं विकत घेऊन स्वतः चालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बंद पडलेली कारंजी आपण पुष्कळ पाहिली. तिनं जागा, छप्पर आणि उजेड द्यावा; चालवणाऱ्याकडून युनिटमागं थोडा वाटा घ्यावा, आणि यंत्र अमुक दिवस बंद राहिलं तर करार रद्द, हे पहिल्या पानावर लिहावं.

पेण आणि रोहा अष्टमी या दोन्ही नगरपरिषदांची अंदाजपत्रकं फेब्रुवारीत होतात. त्याआधी लेखी सूचना द्या. तिच्यात जागेचं नाव, तिथं गाड्या किती आणि किती तास उभ्या असतात, आणि जवळच्या डीपीवर लिहिलेली क्षमता, एवढं नक्की घाला. नुसतं ‘चार्जिंग स्टेशन व्हावे ही विनंती’ असं लिहिलेले अर्ज दोन्ही कार्यालयांत याआधीच पुष्कळ पडले असतील.