लोहडी : आधी देणे, मग साठवणे

पौषातील कडाक्याच्या थंडीत, मकर संक्रांतीच्या आदल्या सायंकाळी, पंजाबात घरोघरी आणि चौकाचौकांत लाकडे व गोवऱ्या रचून अग्नी प्रज्वलित करतात. तीळ, गूळ, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याच्या लाह्या त्याला अर्पण करून उरलेला प्रसाद सर्वांना वाटतात. ही लोहडी. महाराष्ट्रात त्याच दिवशी भोगी असते. तेथे तीळ लावलेली भाकरी आणि नव्या हंगामाची मिसळीची भाजी. येथे अग्नी, तीळ आणि गूळ. सूर्य एकच, ऋतू एकच, आणि तिळाचा स्निग्धपणाही एकच.

लोहडीला सुगीचा सण म्हणतात. पण जानेवारीत पंजाबचा गहू शेतात हिरवागार उभा असतो. त्याची कापणी वैशाखीच्या सुमारास होते. हाती आलेला असतो तो ऊस, मका, तीळ आणि भुईमूग. म्हणजे लोहडी निम्मी प्राप्तीची आहे आणि निम्मी आशेची. पीक घरात यायचे आहे, तरीही शेतकरी वाटावयास बसतो, यात या सणाचे मर्म आहे.

या दिवसांत मुलांच्या टोळ्या गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि लाकडे, गूळ, पैसे मागतात. हे मागणे भिकेचे नव्हे, हक्काचे असते. रिकाम्या हाताने त्यांना परतविणे अशुभ मानतात. त्यांच्या गाण्याचा नायक दुल्ला भट्टी. अकबराच्या काळातील हा मुसलमान राजपूत पुंड मोगलांच्या वसुलीविरुद्ध उठला आणि लाहोरास फाशी गेला. बळजबरीने पळविल्या जाणाऱ्या मुलींना सोडवून, स्वतः पित्याच्या जागी उभे राहून, त्याने त्यांची लग्ने लावली आणि आहेर म्हणून शेरभर साखर दिली, अशी लोककथा आहे. त्याच्या पराक्रमापेक्षा लोकांनी ती साखरच अधिक जपली. १९४७ साली पंजाबची भूमी दुभंगली. परंतु मुसलमान वीराचे हे गाणे हिंदू आणि शीख मुलांच्या ओठी कायम राहिले.

परंतु सणाचा गौरव करताना त्याच्यातील विसंगतीही पाहिली पाहिजे. गाणे परक्या मुलींच्या पित्याचे; आणि घरातली पहिली लोहडी मात्र परंपरेने थाटात व्हावयाची ती नववधूची किंवा नवजात पुत्राची. २०११ च्या जनगणनेत पंजाबात दर हजार पुरुषांमागे ८९५ स्त्रिया होत्या. अलीकडे तेथे अनेक ठिकाणी नवजात कन्यांची लोहडी मुद्दाम साजरी करतात. ही नवी प्रथा दुल्ल्याच्या कथेशी जुन्या रूढीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे, असे म्हटले पाहिजे.

बालाघाट जिल्ह्यात त्याच गणनेत हे प्रमाण हजारास १०२१ होते. यात आपण भूषण मानण्यापूर्वी थोडे थांबावे. पोटासाठी परगावी गेलेल्या पुरुषांचाही त्या आकड्यात वाटा असू शकतो. आणि संख्येने अधिक असणे म्हणजे मानाने अधिक असणे नव्हे.

वैनगंगेकाठच्या या धानाच्या जिल्ह्यात, जेथे मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी शेजारी शेजारी नांदतात, लोहडीचा अर्थ समजावयास पंजाबी असण्याची आवश्यकता नाही. पलीकडे छत्तीसगडात पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. मुले दारी येऊन नवे धान मागतात आणि घरधनीण सुपातून ते घालते. खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा वाटा आधी काढावयाचा, ही आपली जुनी रीत. संक्रांतीचे वाणही त्याच कुळातले. पीक एकट्याच्या श्रमाने येत नाही, म्हणून ते एकट्याचे नसते, हाच या साऱ्यांचा आशय.

आज पुंजणे पडतात न पडतात तोच मळणीयंत्र येते, आणि धान पोत्यांत भरून खरेदी केंद्राच्या रांगेत उभे राहते. यात वाईट काही नाही. हमीभाव ही शेतकऱ्याची गरज आहे, आणि बलुत्याच्या जुन्या व्यवस्थेत जातीचे जे ओझे होते ते गेले हे उत्तमच झाले. पण रास शेतातूनच वजनकाट्यावर गेली, तर मागणाऱ्या मुलाने कोणत्या दारी उभे राहावे? देण्याची सवय ही कायद्याने वा पैशाने परत येणारी वस्तू नव्हे. ती वर्षातून एकदा तरी हाताला करून द्यावी लागते. सण त्यासाठीच असतात.

लोहडीचा अग्नी रात्रीच विझतो. टिकते ते एवढेच : कणगी भरण्याआधी एक मूठ बाहेर गेली पाहिजे, आणि ज्या मुलीला कोणी नाही तिच्या पाठीशी कोणीतरी पित्यासारखे उभे राहिले पाहिजे. मग तो सण लोहडी म्हणून साजरा होवो, छेरछेरा म्हणून होवो, की तिळगूळ देऊन होवो.