जुन्या मोटारीचे मिसिंग : निदानाची वाट



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली ती लोकशिक्षणासाठी. तेव्हा मोटार अजून जन्माला यावयाची होती. पण ज्या यंत्रावर आज हजारो कुटुंबे विसंबून आहेत त्याची चार अक्षरे जाणून घेणे, हेही लोकशिक्षणच होय असे आम्ही मानतो. जुनी मोटार चालता चालता हिसके देते, ठोका चुकवते, गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ मारते. तिचे दुखणे नेमके कोठे आहे हे कसे ओळखावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

येरवडेकरांना तो परका वाटू नये. आळंदी रस्त्यावरचे आरटीओचे कार्यालय आपल्या शेजारी आहे, आणि खाजगी मोटारीला पंधरा वर्षे झाली की तिची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते हे आपण जाणता. मिसिंग मारणाऱ्या इंजिनातून न जळलेले पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर पडते. म्हणजे पैसा जातो, हवा बिघडते आणि धुराच्या तपासणीत गाडी नापास होते.

उदाहरणासाठी आपण फियाट घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून जी ‘डिलाइट’ बनत होती, तीच पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघर पोहोचली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. पण पुण्यात हौसेने सांभाळलेल्या फियाटी अजून दिसतात. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे १,१०० सीसीचे आणि उघड्या पुस्तकासारखे आहे.

आता हे पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात दर सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडली पाहिजे; चारही मिळून १०० वेळा. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तो कॉइलमधून हजारो व्होल्टांवर चढतो आणि डिस्ट्रिब्युटर तो १-३-४-२ या क्रमाने चार प्लगांना वाटून देतो. ठिणगी वेळेवर पडावी, हवा-पेट्रोलाचे मिश्रण योग्य असावे आणि ते पुरते दाबले जावे, या तीन गोष्टी जुळल्या तरच ज्वलन होते. मिसिंग म्हणजे या तिघांपैकी कोणीतरी गैरहजर. निदान म्हणजे त्या गैरहजराचे नाव शोधणे.

पहिले काम हत्यारे काढण्याचे नव्हे, ऐकण्याचे आहे. गाडी उभी असताना ठोका ठराविक अंतराने चुकत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर मेलेले असते. ठोका अनियमितपणे चुकत असेल, तर चौघांना सामाईक असलेल्या वस्तूंकडे वळावे : कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, पेट्रोलचा पुरवठा. पर्णकुटीच्या पायथ्यापासून चढ चढतानाच गाडी हिसके देत असेल, तर भार पडल्यावर कमकुवत ठरणारी ठिणगी किंवा अपुरे पेट्रोल यांचा संशय घ्यावा. गरम झाल्यावरच त्रास होत असेल, तर कॉइल व कंडेन्सर. पावसाळ्यात सकाळीच होत असेल, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरी. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर फुटक्या वायरीतून पळणारी निळी ठिणगी डोळ्यांनी दिसते.

दुसरे काम मेलेले सिलिंडर शोधण्याचे. इंजिन मंद चालू ठेवावे, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढावी आणि पुन्हा लावावी. जेथे वायर काढल्यावर इंजिन आणखी लडखडते, ते सिलिंडर काम करीत होते. जेथे काहीच फरक पडत नाही, तेथे आपला रोगी आहे. मात्र जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. आणि नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर हा प्रयोग मुळीच करू नये.

आता त्या सिलिंडराचा प्लग काढून पाहा. वैद्य जीभ पाहतो, तसा जाणता मिस्त्री प्लग पाहतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, चोक अडकला असेल. तेलकट ओला असेल तर तेल वर चढते आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. मग हा प्लग शेजारच्या सिलिंडरात बसवा. दोष त्याच्याबरोबर गेला तर प्लग दोषी. दोष जागीच राहिला तर वायर बदलून पाहा. तरीही राहिला तर दाब मोजा. दाब कमी भरला, तर पिस्टनवर चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजा : वाढला तर रिंगा झिजल्या; वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कदाचित टॅपेट ताठ बसले आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडला असेल, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळाले असावे.

एका नव्या कारणाचीही नोंद केली पाहिजे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटला त्याचा हिशोब ठाऊक नाही. मिश्रण पातळ होते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत आधी टाकीतले पेट्रोल, रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा पाहावा.

आमचे खरे गाऱ्हाणे पुढेच आहे. मिसिंग म्हटले की प्लग, पॉइंट, कॉइल, कार्ब्युरेटर सारे एकाच दिवशी बदलण्याची रीत पडली आहे. गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही. न सुधारली तर एक दोष होता तेथे दोन होतात, कारण आज बाजारात मिळणारा सुटा भाग जुन्या, चांगल्या भागापेक्षा हलका निघू शकतो. कोणी म्हणेल, नव्या गाडीला संगणक जोडला की उत्तर मिळते. मिळते, पण किती? ‘पी ०३०१’ हा संकेत पहिल्या सिलिंडरात मिसिंग आहे एवढेच सांगतो. का, ते सांगत नाही. तेथून पुढे पुन्हा ठिणगी, मिश्रण आणि दाब यांचीच चौकशी करावी लागते.

ज्यांनी ही चौकशी कानाने आणि बोटांनी केली, त्या मिस्त्रींची पिढी आता थकली आहे. त्यांचे ज्ञान कागदावर फारसे उतरले नाही. म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना आमची विनंती अशी : एका वेळी एकच वस्तू बदला, बदलण्यापूर्वी कारण विचारा, काढलेला भाग घरी आणा आणि एका वहीत तारीखवार लिहून ठेवा. आपल्या मिस्त्रीला घाई लावू नका. तो इंजिनाला कान लावून उभा असेल, तर त्या पाच मिनिटांचीही मजुरी द्या.