पाण्याचा हौद आणि घरचे बाळंतपण



आज आपल्याला बाळंतपणाविषयी बोलायचे आहे. विषय बायकांचा, म्हणून पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. बाळंतीण कुठे न्यायची, गाडी कधी आणायची, हे पुष्कळदा पुरुषच ठरवतात. तेव्हा दोघांनीही ऐकावे.

मागे एकदा वैशाखात आम्ही एका गावी गेलो होतो. गाव लहान, साठ उंबऱ्यांचे. गाव आणि सडक यांच्या मध्ये ओढा. रात्री देवळापुढे सभा झाली. सभा संपल्यावर एक गवंडीदादा पुढे आले. हातात मोबाइल होता.

"हे बघा," ते म्हणाले.

मोबाइलवर परदेशातली एक बाई दिसली. ती घरातच, कोमट पाण्याच्या मोठ्या टबात बसली होती. बाळ पाण्यातच जन्मले. आईने त्याला वर घेऊन छातीशी धरले. आरडाओरडा नाही, धावपळ नाही.

दादा म्हणाले, "माझ्या घरी सातवा महिना चालू आहे. दुसरी खेप आहे. मी गवंडी माणूस. असा हौद दोन दिवसांत बांधीन. तिकडचे शिकलेले लोक घरी बाळंतपण करतात. मग तुम्ही आम्हांलाच दवाखान्यात जा म्हणून का सांगता?"

प्रश्न सरळ होता. त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो.

सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "माझी चार बाळंतपणं ह्याच माजघरात झाली. काय बिघडलं?"

आम्ही विचारले, "आजी, चारही लेकरं हाती लागली का?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन."

मग सूनबाई दाराआडून बोलल्या. "पहिल्या खेपेला मला एकटीला खाटेवर निजवलं. आईला बाहेर काढलं. कळ आली की बाई अंगावर ओरडायच्या. पुन्हा तसं नको वाटतं."

तेव्हा आम्हांला कळले. ह्या घराला खरी हौस हौदाची नव्हती. बाईला आपले माणूस जवळ हवे होते. दोन गोड शब्द हवे होते. ही मागणी काही वावगी नाही. हे पहिल्यांदा कबूल करू आणि मग हौदाचा विचार करू.

पाण्यात बसल्याने काय होते?

कोमट पाण्यात अंग हलके होते. कंबर सैल पडते. कळा सोसायला सोप्या जातात. फ्रान्स देशात पितिव्हिए नावाचे लहान गाव आहे. तिथल्या दवाखान्यात मिशेल ओदां नावाचे डॉक्टर होते. कळांनी थकलेल्या बायांना ते कोमट पाण्यात बसवीत. काही बायांना पाण्याबाहेर यावेसे वाटेना, आणि बाळे पाण्यातच जन्मली. १९८३ साली त्यांनी अशा शंभर जन्मांची हकीकत छापली. पुढे इंग्लंडात ही रीत बरीच पसरली.

पाण्यात बाळ बुडत कसे नाही, असे तुम्ही विचाराल. पोटात असताना बाळ पाण्यातच असते. त्याला नाळेतून प्राणवायू मिळतो. तोंडाला हवा लागली की धडधाकट बाळ श्वास घेते. म्हणून जन्मताच त्याला अलगद वर आणतात. एकदा वर आणले की त्याचे तोंड पुन्हा पाण्याखाली जाऊ देत नाहीत. पण बाळ आतच गुदमरलेले असेल, तर ते पाण्यातच श्वास ओढू शकते. म्हणूनच बाळाचे ठोके ऐकणारे शिकलेले माणूस जवळ लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये साठ हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली. ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना कसलाही धोका नव्हता, अशा बायांना पाण्यातला जन्म बाहेरच्या जन्माइतकाच सुखरूप ठरला. अमेरिकेतले डॉक्टर मात्र अधिक जपून बोलतात. कळांच्या वेळी पाण्यात बसायला हरकत नाही, पण जन्म बाहेरच व्हावा, असे ते सांगतात.

म्हणजे पाणी वाईट नाही. मग अडते कुठे?

चित्रात जे दिसत नाही

आम्ही दादांना ते चित्र पुन्हा लावायला सांगितले. म्हणालो, "टबाशेजारी कोण बसले आहे ते बघा."

त्या दाया होत्या. तिकडच्या दाया तीन-तीन वर्षे शिकलेल्या असतात. घरच्या बाळंतपणाला बहुधा दोघी येतात. एक आईकडे बघते, एक बाळाकडे. सरकारी दवाखान्यातून त्या येतात आणि पैसे घेत नाहीत. कळा नीट सुरू झाल्या की दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकतात. बाळ खाली येऊ लागले की दर पाच मिनिटांनी ऐकतात. पाण्याची उष्णता तापमापकाने तासातासाला मोजतात. साडेसदतीस अंशांच्या वर ती जाऊ देत नाहीत. पाणी फार गरम झाले तर आईचे अंग तापते आणि आतल्या बाळालाही त्रास होतो.

त्यांच्या पिशवीत रक्त थांबवायची सुई असते. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देण्याची पिशवी असते. टेलिफोन केला की दवाखान्याची गाडी येते.

एवढे असूनही काय होते ते ऐका. इंग्लंडात २०११ साली चौसष्ट हजारांवर बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायांनी पहिले बाळंतपण घरी करायचे ठरवले, त्यांतल्या १०० मागे ४५ बायांना दवाखान्यात न्यावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायांत हा आकडा १०० मागे १२ होता. पहिलटकरणीच्या बाळाला घरी धोकाही जास्त दिसला. दवाखान्यात हजारात पाच बाळांना मोठा अपाय झाला, तर घरी हजारात नऊ बाळांना. दुसऱ्या खेपेला हा फरक दिसला नाही.

म्हणजे तिकडचे घर नुसते घर नसते. त्या घरामागे दोन दाया, औषध, गाडी आणि दवाखाना उभा असतो. आपण चित्रातला टब बघतो. त्याच्या पाठीमागचे हे बळ आपल्याला दिसत नाही.

आपल्या घरी हौद केला तर

दादांच्या घरी बसून आम्ही हिशेब मांडला.

टबात सहाशे लिटर पाणी लागते. म्हणजे पंधरा लिटरचे चाळीस हंडे. ते कोण आणणार? बायकाच ना? तेवढे पाणी तापवायचे आणि तासन्‌तास कोमट ठेवायचे. आधीच भरून गरम ठेवावे म्हणाल, तर तेही चालत नाही. इंग्लंडात २०१४ साली असे केले गेले. कोमट पाण्यात रोगजंतू वाढले आणि बाळाला फुप्फुसाचा कठीण आजार झाला. सिमेंटचा नवा हौद घासून निर्मळ करणेही सोपे नाही.

पण सर्वांत मोठी गोष्ट रक्ताची. बाळ झाल्यावर कधी कधी आईचे रक्त थांबत नाही. अर्धा लिटर रक्त गेले तरी धोका समजावा. पाण्यात रक्त मिसळले की किती गेले ते नवख्याला कळत नाही. आईला घेरी आली तर ओल्या हौदातून तिला उचलणार कोण? सुई कोण देणार?

आम्ही विचारले, "आजी, तुमची सुईण आता कुठे आहे?"

आजी म्हणाल्या, "ती गेली. तिच्या मागं कुणी शिकलं नाही."

आम्ही विचारले, "आणि श्रावणात ओढ्याला पाणी असतं?"

दादा म्हणाले, "दोन-दोन दिवस उतार नसतो."

मग कुणीच बोलले नाही. हिशेब सगळ्यांना कळला होता. सूनबाईंचे दिवस श्रावणातच भरत होते.

मग ठरवायचे कसे?

घरातल्या सगळ्यांनी बसून हे प्रश्न एकमेकांना विचारावे.

पहिला प्रश्न. बाईला काही धोका आहे का? अंगात रक्त कमी, रक्तदाब जास्त, जुळे, पायाळू बाळ, आधीचे सिझर, ताप, अंगावरून रक्त जाणे, दिवस भरण्याआधी कळा, यांतले एक जरी असेल तरी घर नको आणि हौदही नको. हे कळावे म्हणून पहिल्या महिन्यांपासून तपासणी करावी.

दुसरा प्रश्न. शिकलेले माणूस शेवटपर्यंत जवळ बसेल का? आशाताई मदत करते, दवाखान्यात सोबत येते. पण बाळंतपण करणे हे तिचे काम नव्हे.

तिसरा प्रश्न. मध्यरात्री, भर पावसात, बाई अडली तर गाडी दारात येईल का?

ह्यांतल्या एकाचेही उत्तर "नाही" आले, तर बाळंतपण दवाखान्यातच करावे. हौद कितीही चांगला असो.

पण आमचे सांगणे इथेच संपत नाही. दवाखान्यात जायचे म्हणजे अपमान सोसायचा, असे नाही. बाळंतपणाच्या वेळी आपल्या नात्यातली एक बाई जवळ ठेवायला केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांना परवानगी दिली आहे. २०११ सालापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट आहे. गाडीसाठी १०२ हा आकडा लावावा. जिवावरचा प्रसंग असेल तर १०८ लावावा. हे उपकार नव्हेत. हा आपला हक्क आहे. तो नम्रपणे, पण ठामपणे मागावा.

आणि पाण्याचे सुख? तेही थोडेफार मिळते. कळा सुरू झाल्यावर सिस्टरना विचारून कोमट पाण्याने अंघोळ करता येते. पाठीवर कोमट पाण्याचे कापड ठेवता येते. आडवे पडूनच राहायला हवे असे नाही. चालावे, बसावे, ओणवे व्हावे. आईने पाठ चोळावी. यानेही कळा सोसतात.

पुढे काय झाले?

दादा, सूनबाई आणि आजी तिघे मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सूनबाईंनी मागच्या खेपेची गोष्ट डॉक्टरीणबाईंना सांगितली. ती सांगताना त्या रडल्या. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला घेऊन या. मी सिस्टरना सांगून ठेवते."

आषाढ संपता संपता, ओढा भरण्याआधीच, सूनबाई केंद्राजवळच्या मावशीकडे राहायला गेल्या. ज्यांचे असे कुणी जवळ नसते, त्यांच्यासाठी आदिवासी भागातल्या काही केंद्रांत माहेरघर असते. दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहावे, अशी ती सोय आहे. त्याची चौकशी आशाताईकडे करावी.

श्रावणात मुलगी झाली. आई शेवटपर्यंत उशाशी होती. वार पडल्यावर रक्त जरा जास्त गेले. सिस्टरनी सुई दिलेली होतीच. त्यांनी पोट चोळले, सलाइन लावले, आणखी औषध दिले. अर्ध्या तासात रक्त थांबले. त्या दिवशी ओढा दुथडी भरून वाहत होता.

हौद दादांनी बांधलाच. तो गोठ्यापाशी आहे. गुरे त्यावर पाणी पितात.

मंडळी, ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे, त्यांनी आज रात्रीच बसावे. वरचे तीन प्रश्न विचारावे. सोबत कोण जाणार, गाडी कुठून येणार, मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, हे ठरवावे. १०२ आणि १०८ हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. तुम्ही आता वाचायला लिहायला शिकला आहात. हे आकडे तुमच्याच हातांनी लिहा.

आणि एक गोष्ट विसरू नका. जिचे बाळंतपण आहे, तिला आधी विचारा. तिला कसली भीती वाटते ते ऐकून घ्या. मग ठरवा.