नव्या मुलाला वाट दाखवा



कोळसा खाणी, वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल यांमुळे चंद्रपूर जिल्ह्यात बदलीवर कुटुंबं येत असतात. वडिलांना ड्युटी असते. मुलाला मात्र आपण शाळा आणि मशीद दाखवतो आणि आपलं काम झालं असं समजतो.

इ.स. 622 मधील हिजरतनंतर प्रेषितांनी (स.) मदीनेत मुहाजिर आणि अन्सार यांच्या भावांच्या जोड्या लावल्या. साद बिन रबीअ (रजि.) यांनी अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली.

मुलालाही दया नको, वाट हवी. 2017 मध्ये इको-प्रोच्या स्वयंसेवकांनी चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट साफ करायला घेतला. अशा कामाला त्याला सोबत न्या. ज्या बुरुजावरची झुडपं आपण काढली, ते शहर परकं वाटत नाही. गडचिरोलीत असाल तर ग्रामसभेला शेजारी बसवा. मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात, तेही त्याला सांगा.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर एकटा उभा असलेला मुलगा शोधा, त्याचं नाव विचारा. त्याची बहीण घरीच असेल. तिच्याकडे आपल्या बहिणींनी जावं.