मळसूत्री जिवाणू आणि आपला पहिला प्रश्न



डॉक्टरांच्या परिषदा बहुधा शहरातल्या सभागृहात होतात. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळी गावात ही परिषद भरवलीत, याबद्दल संयोजकांचे आभार मानतो. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एका मांडवाखाली बसले आहेत, हे मला त्याहून मोलाचं वाटतं. आजच्या विषयाला अशाच मांडवाची गरज आहे.

मळसूत्री, म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखी वळणं घेतलेल्या जिवाणूंबद्दल मी बोलणार आहे. विद्यार्थ्यांना आपण गोलाकार, दंडाकार आणि सर्पिल असे तीन गट शिकवतो. सोय म्हणून हे ठीक आहे. पण नुसत्या आकारावरून जिवाणूचं कूळ ठरवणं म्हणजे पागोट्यावरून माणसाचं गाव ठरवणं. माझं म्हणणं थोडक्यात असं: वर्गीकरण रुग्णाच्या उपयोगी पडायचं असेल, तर जिवाणू दिसतो कसा याच्या जोडीला तो राहतो कुठे आणि येतो कोणत्या वाटेने, हेही आपल्याला सांगता आलं पाहिजे.

आधी कुळं पाहू. पहिलं स्पायरोकीटांचं. ट्रेपोनेमा, बोरेलिया आणि लेप्टोस्पायरा ही त्यातली आपल्या कामाची नावं. अंग बारीक आणि लवचीक. चालना देणारे तंतू बाहेर न लोंबता दोन आवरणांच्या मधल्या जागेत गुंडाळलेले असतात, म्हणून हा जिवाणू स्वतःभोवती फिरत दाट द्रवातूनही वाट काढतो. ट्रेपोनेमा आणि लेप्टोस्पायरा इतके बारीक, की नेहमीच्या ग्रॅम रंजनात दिसत नाहीत. त्यांना डार्कफील्ड सूक्ष्मदर्शक किंवा चांदीच्या क्षारांचं रंजन लागतं. बोरेलिया त्या मानाने जाड. ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर लीशमन किंवा गिम्सा रंजनातही सापडतो.

दुसरं कूळ कॅम्पिलोबॅक्टर आणि हेलिकोबॅक्टर यांचं. यांचं अंग ताठ आणि शेपट्या टोकाला, बाहेर. तिसरं कूळ पटकीच्या व्हिब्रिओचं. तो स्वल्पविरामासारखा वाकडा, पण त्याचं नातं आतड्यातल्या इतर दंडाकार जिवाणूंशी जास्त जवळचं. म्हणजे आकार मिळताजुळता आणि घराणी तीन. जनुकांचं वाचन सुरू झाल्यावर हे पक्कं झालं. कॅम्पिलोबॅक्टर १९६३ पर्यंत व्हिब्रिओंमध्येच गणला जात होता. हेलिकोबॅक्टर पायलोरीला आधी कॅम्पिलोबॅक्टर म्हणत. १९८९ मध्ये त्याचं वेगळं घर मांडलं गेलं.

या शास्त्रातली दोन महत्त्वाची पानं महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधली उपाशी माणसं मुंबईकडे लोटली आणि १८७७ मध्ये तिथे उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. ग्रँट मेडिकल कॉलेजचे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात सर्पिल जिवाणू, म्हणजे आजचे बोरेलिया, पाहिले. ते रक्त माकडांना टोचून त्यांनी तोच ताप निर्माण करून दाखवला आणि १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रं काढणारे कार्टर ते हेच. पुढे उंदराच्या रक्तातही त्यांना एक सर्पिल जिवाणू दिसला. उंदीरचाव्याच्या तापाचं कारण असलेल्या या जिवाणूला आज आपण स्पिरिलम मायनस म्हणतो. तो कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, म्हणून वर्गीकरणातली त्याची जागा आजही नीट ठरलेली नाही.

दुसरं पान नाशिकचं. १९०७ मध्ये पर्सी मॅकी यांनी तिथल्या एका मिशन वसाहतीतल्या मुलांमध्ये हाच उलटून येणारा ताप पाहिला. मुलींपेक्षा मुलगे जास्त आजारी होते आणि अंगावरच्या उवाही मुलग्यांच्याच जास्त होत्या. मॅकींनी उवा तपासल्या, त्यांच्या पोटात जिवाणू सापडले. कार्टरांनी जिवाणू दाखवला, मॅकींनी त्याची वाट दाखवली. साथ आटोक्यात आणायला दुसरं काम अधिक उपयोगी पडलं, कारण तेव्हा प्रतिजैविकं नव्हती आणि कपडे उकळणं मात्र कुणालाही जमण्यासारखं होतं. आपल्या पशुवैद्यक मित्रांना याच घराण्यातला बोरेलिया अ‍ॅन्सेरिना ठाऊक आहे. गोचिडांमार्फत तो कोंबड्यांमध्ये पसरतो. तिथेही औषधाइतकंच खुराड्याच्या भेगांकडे लक्ष द्यावं लागतं.

ट्रेपोनेमाची गोष्ट आणखी बोलकी आहे. गरमी किंवा उपदंशाचा जिवाणू शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ मध्ये दाखवला. लहान मुलांच्या कातडीवर व्रण आणणारा यॉज हा रोग याच प्रजातीच्या उपप्रकारामुळे होतो. सूक्ष्मदर्शकात दोघांत फरक दिसत नाही, रक्ताची व्हीडीआरएल तपासणीही त्यांना वेगळं करत नाही. पण एक शरीरसंबंधातून आणि आईकडून गर्भाला लागतो, तर दुसरा खेळताना कातडीला कातडी लागून. यॉज आपल्या गडचिरोलीसारख्या दुर्गम भागांतही होता. आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधले, त्यांना आणि सोबतच्यांना पेनिसिलिनचं एकेक इंजेक्शन दिलं, आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. उपदंश मात्र अजून आहे. गरोदर बाईची व्हीडीआरएल तपासणी पहिल्याच भेटीत झाली आणि पेनिसिलिन वेळेत मिळालं, तर बाळ वाचतं. इतकं स्वस्त आणि इतकं खात्रीचं प्रतिबंधक काम आपल्या हातात दुसरं क्वचितच असेल.

आता लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. तेव्हापासून हा रोग मुंबईचा आणि भातखाचरांमुळे कोकणचा, असा आपला समज झाला आहे. जिवाणूला जिल्ह्याची हद्द कळत नाही. तो उंदीर, कुत्री, डुकरं, गुरं यांच्या मूत्रपिंडात राहतो, मूत्रातून ओल्या जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो, आणि भेगाळलेल्या टाचेतून किंवा हाताच्या खरचटीतून माणसात शिरतो. पावसाळ्यात चिखलाचा गोठा अनवाणी साफ करणारी बाई पिंगळीतही आहे. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी ओढणारा शेतकरीही आहे. त्यांना ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर आपण मलेरिया आणि डेंगी तपासतो, आणि दोन्ही नसले तर ‘व्हायरल’ लिहून मोकळे होतो. कावीळ झाल्यावर आणि लघवी कमी झाल्यावर लेप्टो आठवला, तर बराच उशीर झालेला असतो.

वेळेचंही गणित ध्यानात ठेवा. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो, नंतर लघवीत. आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत खोटा दिलासा देऊ शकते. लक्षणं आणि कामधंदा जुळत असेल, तर अहवालाची वाट पाहत औषध थांबवू नका. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लीन, गंभीर आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, ही औषधं आपल्याकडे मिळतात.

हेलिकोबॅक्टरबद्दल तुम्ही सगळे जाणता. पोटातल्या व्रणाचा दोष आपण तिखटाला आणि काळजीला देत होतो. वॉरेन आणि मार्शल यांनी तो जिवाणूकडे नेला आणि २००५ चं नोबेल मिळवलं. कॅम्पिलोबॅक्टर मात्र ताजा विषय आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला. या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं कधी कधी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. चार दिवसांची हगवण लोक विसरतात आणि दोन आठवड्यांनी पाय उचलत नाहीत. कोंबडी अर्धीकच्ची राहिली किंवा पाण्यात मैला मिसळला, की ही वाट उघडते.

म्हणून या व्यासपीठावरून तीन विनंत्या करतो. तापाच्या प्रत्येक रुग्णाला, नाव आणि वय विचारल्याबरोबर, तो काय काम करतो आणि घरी कोणती जनावरं आहेत, हे विचारा आणि केसपेपरवर लिहा. दुसरी विनंती: पशुवैद्यक मित्रांनो, एखाद्या गावात गाई-म्हशी लागोपाठ गाभडल्या, तर तुमच्या वरिष्ठांबरोबरच तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवा. आणि डॉक्टरांनो, लेप्टोचा रुग्ण सापडला तर पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा. तिसरी विनंती तंत्रज्ञांना: नमुन्यावर ताप सुरू झाल्याची तारीख नसेल, तर ती विचारून घेतल्याशिवाय नमुना पुढे पाठवू नका.

या तिन्ही गोष्टींना नवं यंत्र लागत नाही, नवा निधी लागत नाही. या पावसाळ्यापासून त्या सुरू करा, आणि पुढच्या परिषदेत भाषणांऐवजी आपापल्या केंद्रांच्या नोंदी घेऊन या.