सही करण्याआधी

(नांदेड येथे नांदेड-लातूरच्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी लातूरहून आले. येताना रस्त्याकडेच्या प्लॉटच्या पाट्या मोजत होते, शेवटी नाद सोडला. नांदेड काय, लातूर काय, शेताचे प्लॉट पडायला आता वेळ लागत नाही. त्या प्लॉटवर वाळू-सिमेंटची घमेली वाहणाऱ्या बाया आपल्याच. पण जमिनीचा सौदा ठरतो तिथं बाई कुठं असते? चहा द्यायला, नाहीतर अंगठा द्यायला.

म्हणून सौद्याला बसलेल्या एका बाईबद्दल बोलते. कल्पना सरोज. इथून पूर्णा, हिंगोली, वाशीम करत रेल्वे अकोल्याला जाते. त्या अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्यात १९६१ साली त्यांचा जन्म झाला. घर दलित, वडील पोलीस शिपाई. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि मुंबईच्या झोपडपट्टीत सासरी गेल्या. तिथं मारहाण, उपासमार. वडिलांनी परत आणलं, तर गावानं टोमणे मारून जगणं नकोसं केलं. त्यांनी विषही घेतलं. वाचल्या. पुन्हा मुंबई गाठली आणि कपड्याच्या कारखान्यात रोज दोन रुपयांवर कामाला लागल्या. पुढं मागासवर्गीयांसाठीचं ५० हजारांचं सरकारी कर्ज काढून फर्निचरचं दुकान टाकलं.

१९९०च्या दशकात कल्याणमधली एक जमीन त्यांच्याकडे चालून आली. किंमत अडीच लाख. स्वस्त का? तर ती कोर्टकचेरीत अडकलेली होती. मोठे लोक तिला हात लावायला तयार नव्हते. कल्पनाताईंनी उसनवारी करून ती घेतली आणि कागद सोडवायला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. त्यात दोन वर्षं गेली. जमीन मोकळी झाल्यावर किंमत वाढली, तशा जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. त्यांनी रिव्हॉल्वरचा परवाना काढला, पण जमीन सोडली नाही. बांधायला पैसा नव्हता. मग जमीन आपली, पैसा भागीदाराचा, असा करार करून इमारत उभी केली. २००६ साली त्या बुडीत निघालेल्या कमानी ट्यूब्सच्या अध्यक्ष झाल्या. २०१३ साली पद्मश्री मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, एक बाई बिल्डर झाली म्हणून आमचं काय भलं झालं? प्रश्न बरोबर आहे. जमिनीच्या धंद्यात गरिबाची झोपडी उठते, ती उठवणारा पुरुष असो की बाई. मला त्यांच्या पैशाचं कौतुक सांगायचं नाही. शाळा अर्धवट राहिलेली ही बाई जमिनीचे कागद समजून घ्यायला शिकली, एवढंच मला सांगायचं आहे.

आणि मी? मी शिकलेली, चळवळीतली. वडील गेले तेव्हा, २००९ साली, भाऊ गाडी घेऊन आला. म्हणाला, "आक्का, नुसती सही करायचीय." हक्कसोडपत्र होतं. मी वाचलं नाही. माहेर तुटेल ही भीती होती, दुसरं काही नाही. येताना साडी मिळाली. आमच्याकडं रिवाजच आहे, बहिणीचा हिस्सा चोळी-बांगडीत फिटतो. आज त्या शेताचे प्लॉट पडलेत. भावाशी माझं वैर नाही. पण तेव्हा मी दुसऱ्या बायांना कायदा शिकवत होते, हे मला विसरता येत नाही.

कायदा तर आपल्या बाजूचा होता. वडिलांच्या वाट्यात मुलीला वारसा १९५६पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची हे महाराष्ट्रानं १९९४ साली मान्य केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली देशाच्या कायद्यानं ती अटही गेली. २००५च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. पण एका सहीनं हे सगळं सोडून देता येतं.

२०२१पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. म्हणून नवरे बायकोचं नाव लावतात. लावू द्या! पण ते खरेदीखत कोणत्या कपाटात आहे आणि चावी कुणाकडं आहे, हेही विचारा.

१९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण चाललं होतं. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोगाबरोबर गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. घर कसं बांधतात, पैसा कसा येतो, हे त्या शिकल्या आणि गावाला सांगू लागल्या. म्हणजे हे आपल्याला जमतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं दोन कागद आणा. शेताचा सात-बारा आणि घराचा नमुना आठ. शेत नसेल तर नुसता घराचा आणा. आपण मिळून वाचू. तुमचं नाव कुठं आहे ते शोधू. नसेल, तर ते का नाही हे घरी विचारू. आणि कुणी "नुसती सही करायचीय" म्हणालं, तर म्हणा, "कागद ठेवून जा. आमच्या बैठकीत वाचते, मग सांगते."